आधी तापमान, मग तळ, मग वेग, आमिष शेवटी : ग्रेट लेक्समध्ये उन्हाळ्यात लेक ट्राउट धरण्याची रीत

उन्हाळ्यात उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांवर लेक ट्राउटच्या मागे जाणारे बरेच जण सुरुवात उलट्या टोकाकडून करतात. दुकानातून सात-आठ रंगांचे स्पून (चमच्यासारखी धातूची आमिषं) घेतात, बोट पाण्यात घालतात आणि माशांच्या डोक्यावरून पन्नास-साठ फूट उंचीवर दिवसभर आमिष ओढत राहतात. संध्याकाळी दोष रंगाला दिला जातो. खरी चूक सकाळीच झालेली असते : पाणी किती अंशाचं आहे हे कोणी पाहिलेलंच नसतं.

हा मासा थंड पाण्याचा आणि तळाचा. साधारण १० अंश सेल्सिअसच्या आसपासचं पाणी त्याला मानवतं आणि १५ अंशांच्या वरचं तो टाळतो. जुलै-ऑगस्टमध्ये पृष्ठभागाचं पाणी २० अंशांच्या पुढे गेलं की तो खाली उतरतो आणि तळाला धरून राहतो. त्यामुळे कामाचा क्रम ठरलेला आहे : तापमान, तळ, वेग आणि सगळ्यात शेवटी आमिष.

खालची रीत जूनअखेर ते सप्टेंबर या काळासाठी, डाउनरिगर (तारेला जड गोळा लावून आमिष हव्या त्या खोलीवर नेणारं यंत्र) बसवलेल्या बोटीसाठी आणि ओंटारिओ, मिशिगन, ह्युरॉन, सुपिरिअर या खोल सरोवरांसाठी आहे. ईरीचा पश्चिम भाग उथळ आहे, तिथे ती लागू होत नाही. मे महिन्यात सगळीकडेच पाणी थंड असतं आणि हाच मासा पंधरा-वीस फुटांवरही सापडतो. तेव्हा एवढा खटाटोप करावा लागत नाही. मापं फूट, पौंड आणि ताशी मैलात दिली आहेत, कारण डाउनरिगरचा काउंटर आणि सामानाची पाकिटं तीच भाषा बोलतात.

## १. घरून निघण्याआधी

परवाना. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात आउटडोअर्स कार्ड आणि त्यासोबत मासेमारीचा परवाना लागतो. अमेरिकेच्या बाजूला राज्यागणिक नियम बदलतात : इलिनॉय आणि विस्कॉन्सिनमध्ये ट्राउट-सामनसाठी मूळ परवान्यावर वेगळा स्टॅम्प घ्यावा लागतो. शिकागोहून निघून विस्कॉन्सिनच्या पाण्यात शिरलात तर तिथला परवाना हवा. एका माणसाला किती रॉड चालतात, किती मासे ठेवता येतात, कोणत्या लांबीचे, हंगाम कधी बंद होतो, हे त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत पाहा. मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका. कॅनडात मोटारबोट चालवणाऱ्याकडे ऑपरेटर कार्डही लागतं.

मासा ओळखता येणं. प्रत्येक जातीची मर्यादा वेगळी असते, म्हणून हेही तयारीतच येतं. लेक ट्राउटचं अंग करडं-हिरवट, त्यावर फिकट ठिपके आणि शेपटी खोल दुभंगलेली. ब्राउन ट्राउटवर फिकट अंगावर गडद ठिपके असतात आणि शेपटी जवळजवळ सरळ कापल्यासारखी. चिनूक सामनच्या हिरड्या काळ्या. पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला दिसला, तर तो बहुधा हॅचरीतून सोडलेला मासा.

हवामान. फोनवरचा शहराचा अंदाज इथे कामाचा नाही. सरोवरासाठीचा सागरी अंदाज पाहा, त्यात वाऱ्याची दिशा आणि लाटांची उंची असते. इथल्या लाटा समुद्रापेक्षा आखूड आणि एकीला एक लागून येतात. तीन फुटांची लाट कोकणात फारशी कोणी मोजणार नाही. इथे ती लहान बोटीला बेजार करते. भरती-ओहोटीचं गणित मात्र विसरा, इथे सगळा कारभार वाऱ्याचा.

> सावधान : वर हवा तीस अंशांची असली तरी वारा फिरला की किनाऱ्याजवळचं पाणी एका रात्रीत दहा अंशांखाली येऊ शकतं. अशा पाण्यात पडलेल्याचे हातपाय काही मिनिटांत काम देईनासे होतात. लाइफ जॅकेट अंगात घालायचं, बाकाखाली ठेवायचं नाही. व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरच्या चॅनलवर सुरू ठेवा. किनाऱ्यापासून लांब मोबाइलचा भरवसा नसतो.

## २. सामानाची जुळणी, घरीच

बोटीवर हलत्या पाण्यात गाठी मारायला लागू नयेत, म्हणून हे सगळं आदल्या दिवशी.

रॉड आणि रील. साडेआठ ते नऊ फुटांचा, वाकणारा डाउनरिगर रॉड. रीलला लाइन काउंटर हवाच. किती फूट दोरी सुटली हे अंदाजानं ठरवणारा माणूस लागलेला मासा पुन्हा त्याच जागी लावू शकत नाही.

दोरी. २० ते ३० पौंडांची मोनोफिलामेंट. इतकी जाड कशाला, असं वाटेल. कारण मासा नाही, वॉटर फ्ली आहे. उन्हाळ्यात हे काटेरी सूक्ष्म जीव दोरीला चिकटतात, त्यांचा करडा चिकट गोळा तयार होतो आणि तो रॉडच्या कडीत अडकून दोरी आत येणंच थांबतं. बारीक दोरीवर ते जास्त धरतात, जाड गुळगुळीत मोनोवर कमी. मासा अर्ध्यावर असताना असं झालं, तर दुसऱ्या माणसानं बोटांनी गोळा निपटून काढायचा. एकट्यानं सावरणं कठीण.

ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक. दोरीच्या ताकदीचा साधारण चौथा हिस्सा. २० पौंडांच्या दोरीला ४ ते ५ पौंड. स्प्रिंगचा काटा लावून ओढून पाहा; हातानं ओढून 'ठीक वाटतंय' म्हणणं मोजमाप होत नाही.

आमिषाची जोडणी. तळाशी ओढण्यासाठी सगळ्यात भरवशाची जोडणी अशी :

१. मुख्य दोरीच्या टोकाला चांगल्या बेअरिंगचा स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी) आणि स्नॅप.
२. त्याला ८ इंची डॉजर. ही वाकवलेली धातूची पट्टी. ती डुलते, चमकते आणि पाण्यात धक्के देते.
३. डॉजरच्या मागच्या टोकाला २० ते २४ इंच लांब, २५-३० पौंडांचा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे आमिषाआधीचा दोरीचा तुकडा.
४. लीडरवर स्पिन-एन-ग्लो, म्हणजे पंख असलेला फिरता फ्लोट. त्यामागे चार-पाच मणी आणि शेवटी गळ.

मणी गाळू नका. ते नसले तर फ्लोट गळाच्या मानेवर घासतो आणि फिरायचा थांबतो. लीडर फार लांब ठेवला तर डॉजरचे धक्के आमिषापर्यंत पोचत नाहीत. फार आखूड ठेवला तर आमिष झटके खात वेडंवाकडं पळतं. पहिल्यांदा जाताना दोनच रंग पुरे : एक पांढरा किंवा हिरवट, एक नारंगी. स्पून घ्यायचेच तर दोन-तीन घ्या, पण तळाशी सुरुवात डॉजरनंच करा.

डाउनरिगर. १५० ते २०० फूट तार आणि १२ ते १५ पौंडांचा गोळा. ८-१० पौंडांचा गोळा सामनसाठी वरच्या थरात चालतो. १०० फुटांखाली तो मागे फार उचलला जातो. क्लच असा सैल ठेवा की गोळा तळाला अडकला तर तार घसरत सुटेल. घट्ट क्लच आणि खडकात अडकलेला गोळा यांची गाठ पडली, तर तार तुटते किंवा बोटीची कड खाली दबते.

तपासा : गोळ्याजवळच्या क्लिपमध्ये (मासा लागला की दोरी सोडणारा चिमटा) दोरी अडकवून हातानं ओढा. जोरात हिसका द्यावा लागत असेल तर क्लिप फार घट्ट आहे. लेक ट्राउट पुष्कळदा हळूच घेतो. घट्ट क्लिपमध्ये लहान मासा तासभर ओढला जातो आणि वर कोणाला पत्ता लागत नाही.

## ३. थंड पाणी कुठे आहे ते शोधा

उन्हाळ्यात सरोवरात वर गरम पाण्याचा थर असतो, खाली थंड, आणि मध्ये एक पट्टा, जिथे काही फुटांत तापमान झपाट्यानं उतरतं. याला थर्मोक्लाइन म्हणतात. तुम्हाला हवी असलेली गोष्ट एकच : १० अंशांचं पाणी नेमकं किती खोलीवर तळाला टेकतं?

उत्तर मिळवायचे तीन मार्ग आहेत, चांगल्याकडून कामचलाऊकडे :

- डाउनरिगरच्या तारेवर गोळ्याजवळ बसणारा प्रोब. खालचं तापमान आणि खालचा वेग दोन्ही वर पडद्यावर दिसतात. महाग आहे, पण एकाच वस्तूवर पैसे खर्च करायचे तर ते नव्या रॉडऐवजी यावर करावेत.
- तापमान नोंदवणारा छोटा थर्मामीटर. गोळ्याला बांधून ४०, ६०, ८०, १०० फुटांवर दोन-दोन मिनिटं धरायचा आणि दर वेळी वर घेऊन आकडा लिहायचा. वेळ जातो, पण दिवस वाचतो.
- फिशफाइंडरची (आवाजाच्या लहरींनी तळ आणि मासे दाखवणारं यंत्र) सेन्सिटिव्हिटी वाढवली की थर्मोक्लाइन फिकट, सलग पट्ट्यासारखी दिसते. खोली कळते, अंश कळत नाहीत. मासे त्या पट्ट्याखाली शोधायचे एवढं त्यातून ठरतं.

घरबसल्या अंदाज हवा असेल तर अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेची ग्रेट लेक्स प्रयोगशाळा खोलीनुसार पाण्याच्या तापमानाचे नकाशे देते. ते गणिती मॉडेल आहे. दिशा दाखवतं, प्रत्यक्ष मापाची जागा घेत नाही.

वाऱ्याचं गणित. 'परवा ८० फुटांवर होते' हे वाक्य आज खोटं का ठरतं, याचं उत्तर इथे आहे. मोठ्या सरोवरात पृष्ठभागाचं पाणी वाऱ्याच्या सरळ रेषेत जात नाही. उत्तर गोलार्धात पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते वाऱ्याच्या उजवीकडे सरकतं. ओंटारिओ सरोवरावर दोन-तीन दिवस पश्चिमेचा वारा राहिला की वरचं गरम पाणी दक्षिणेला ढकललं जातं आणि टोरांटोच्या किनाऱ्याला खालचं थंड पाणी वर येतं. मासे किनाऱ्याजवळ, कमी खोलीवर मिळतात. पूर्वेचा वारा लागला की उलट : गरम पाणी उत्तर किनाऱ्याला साचतं, थर्मोक्लाइन खाली दबते आणि मासे खोल जातात. मिशिगन सरोवराच्या पश्चिम काठावर, म्हणजे शिकागो-मिलवॉकीकडे, थंड पाणी वर आणण्याचं काम दक्षिणेचा वारा करतो.

म्हणून निघण्याआधी मागच्या तीन दिवसांचा वारा पाहा. आजचा वारा बोटीसाठी महत्त्वाचा, मागच्या तीन दिवसांचा माशांसाठी.

तपासा : पुढे जाण्याआधी कागदावर एक आकडा लिहिलेला असला पाहिजे, उदाहरणार्थ '१० अंश = ७५ फूट'. तो नसेल तर गळ पाण्यात टाकू नका.

## ४. तळ वाचा

आता नकाशावर त्या खोलीची रेषा शोधा. समजा आकडा ७५ आला. मग कामाचा पट्टा साधारण ८० ते १५० फुटांचा. १० अंशांचं पाणी जिथे तळाला टेकतं तिथून पुढे खोलात सगळंच पाणी थंड असतं, आणि ट्राउट त्या उतारावर कुठेही असू शकतात. सुरुवात उथळ कडेपासून करून नागमोडी खोलात जायचं.

> सावधान : नकाशाच्या कोपऱ्यात खोलीचं एकक पाहा. काही नकाशे फुटांत असतात, काही मीटरमध्ये, काही फॅदममध्ये. २० मीटरला २० फूट समजणारे दर उन्हाळ्यात निघतात. फिशफाइंडरचं एककही तेच ठेवा.

कुठला तळ चांगला? पाण्याखालच्या सोंडा, उताराला अचानक येणारी पायरी, खोल सपाटीतला उंचवटा. चिकणमातीचा सपाट तळही वाईट नाही, आणि नवख्यांसाठी तोच बरा, कारण गोळा अडकत नाही. फिशफाइंडरवर तळाची रेषा जाड आणि तिच्याखाली दुसरा प्रतिध्वनी दिसला तर तळ कठीण, खडकाळ. रेषा पातळ असेल तर मऊ.

पडद्याची मांडणी अशी करा : अर्ध्या भागात पूर्ण खोली, अर्ध्या भागात तळाजवळचे २०-३० फूट मोठे करून. लेक ट्राउट तळाला पोट टेकवल्यासारखा असतो, आणि पूर्ण खोलीच्या चित्रात तो तळाच्या रेषेतच विरून जातो. मोठ्या केलेल्या चित्रात रेषेवर फुगवटे दिसतात, तेच मासे. सामनसारखी सुटी कमान दिसण्याची वाट पाहू नका.

दुसरी मर्यादाही ध्यानात ठेवा. २० अंशांच्या कोनाचा ट्रान्सड्यूसर (फिशफाइंडरचा लहरी सोडणारा भाग) १२० फुटांवर जवळजवळ ४२ फूट व्यासाचं वर्तुळ पाहतो. तळ उतरता असेल तर त्या वर्तुळातला सगळ्यात वरचा भाग आधी परत येतो आणि त्याखाली, खोलगट बाजूला बसलेले मासे झाकले जातात. उतारावर पडदा रिकामा दिसला म्हणून जागा सोडू नका. एक फेरी ओढून मग ठरवा.

## ५. गोळा खाली सोडणं

इथला क्रम चुकला की गुंता झालाच म्हणून समजा.

१. बोट आधी चालू वेगात आणा, सरळ रेषेत. थांबलेल्या बोटीतून काहीही सोडू नका.
२. डॉजर बोटीच्या बाजूला पाण्यात धरून पाहा. तो दोन्ही बाजूंना डुलला पाहिजे. पूर्ण गोल फिरत असेल तर वेग जास्त; नुसता तरंगत येत असेल तर कमी. वेग इथेच जुळवा.
३. काउंटर शून्य करून १० फूट दोरी मागे सोडा. तळाजवळच्या लेक ट्राउटसाठी ५ ते १५ फूट पुरे. सामनसाठी लोक ५०-१०० फूट मागे सोडतात. ती सवय इथे आणली तर आमिष गोळ्याच्या खाली झुकतं आणि तळाला घासतं.
४. दोरी क्लिपमध्ये अडकवा, रीलचा ड्रॅग जवळजवळ मोकळा करा आणि अंगठा स्पूलवर ठेवा.
५. गोळा हळू सोडा. धाडकन सोडला तर डॉजर तारेभोवती गुंडाळला जातो, आणि वर बसून ते कळतच नाही.
६. तळाच्या १५-२० फूट आधी थांबा. मग दोन-दोन फुटांनी खाली जा. गोळा टेकला की तार क्षणभर सैल पडते आणि रॉडचं टोक दचकतं. तिथून १ ते ३ फूट वर घ्या.
७. ड्रॅग परत लावा. रॉड होल्डरमध्ये ठेवून, टोक पाण्याकडे नीट वाकेपर्यंत दोरी गुंडाळा. सैल रॉड म्हणजे मासा लागताक्षणी ढिली दोरी.

काउंटर खोली सांगत नाही. तो सुटलेली तार सांगतो. पाण्याच्या रेट्यानं गोळा मागे उचलला जातो आणि तार तिरकी होते. १२० फूट तार उभ्या रेषेपासून २० अंश तिरकी असेल, तर गोळा प्रत्यक्षात ११३ फुटांवर असतो. ३० अंश असेल तर १०४ फुटांवर. म्हणजे तळ १२० फुटांवर आणि काउंटरही १२० वर असताना तुमचं आमिष सोळा फूट वर तरंगत असू शकतं. 'तळाशी ओढतोय पण काही लागत नाही' या तक्रारीत बहुतेकदा हेच निघतं. उपाय : जड गोळा, कमी वेग किंवा आणखी तार. आणि अधूनमधून टेकवून खात्री.

याच तिरकेपणाचा दुसरा परिणाम : २० अंशांवर गोळा बोटीच्या साधारण ४१ फूट मागे असतो. ताशी २ मैल वेगात हे अंतर कापायला सुमारे १४ सेकंद लागतात. फिशफाइंडरवर तळ वर येताना दिसला की तेवढाच वेळ हातात आहे. तेव्हा लगेच गोळा वर घ्या.

## ६. वेग आणि वाट

डॉजर आणि स्पिन-एन-ग्लोसाठी ताशी १.५ ते २ मैल. स्पून ओढत असाल तर २.५ पर्यंत चालतं. जीपीएसवरचा आकडा मात्र जमिनीच्या तुलनेतला असतो. खोल पाण्यात प्रवाह वेगळ्या दिशेनं वाहत असतो, त्यामुळे पूर्वेला जाताना मासे लागतात आणि त्याच रेषेवर परत येताना एकही नाही, असं सर्रास होतं. प्रोब असेल तर खालचा वेग पाहून चालवा. नसेल तर तारेचा कोन पाहा : एका दिशेला तार जास्त तिरकी दिसत असेल, तर खाली वेग जास्त आहे, बोट हळू करा.

सरळ रेषेत तासभर जाऊ नका. हलकी नागमोडी वाट धरा. वळताना आतल्या बाजूचा गोळा मंदावून खाली बसतो आणि बाहेरच्या बाजूचा वेग घेऊन वर उचलला जातो. यातून दोन कामं होतात. एक, आतल्या रॉडला मासा लागला तर वेग कमी करायचा, बाहेरच्याला लागला तर वाढवायचा. दोन, तळाला लागून ओढत असाल तर वळण्याआधी आतला गोळा ५ ते १० फूट वर घ्यायचा, नाहीतर तो अडकणार.

मऊ तळ असेल तर अर्ध्या-एक मिनिटानं गोळा तळाला टेकवा आणि परत उचला. गाळाचा छोटा ढग उठतो आणि आसपासचे ट्राउट तो पाहायला येतात. तळावर राहणारा राउंड गोबी हा छोटा मासा आता त्यांच्या खाण्यात बराच असतो, त्यामुळे तळाजवळची खळबळ त्यांना परकी नाही. खडकाळ तळावर हा प्रयोग करू नका.

तपासा : दर २०-२५ मिनिटांनी प्रत्येक दोरी वर घेऊन पाहा. गळाला शेवाळ किंवा शिंपल्याचा तुकडा लागलेला असेल, लीडर पिळलेला असेल किंवा हातभर लांबीचा मासा निमूट ओढला जात असेल. पहिला मासा लागला की चार गोष्टी लिहा : तळाची खोली, तारेचा आकडा, वेग, दिशा. मग त्याच रेषेवर परत या. हे सगळं जुळूनही तासभर काही लागलं नाही, तर आता रंग बदला.

## ७. मासा लागल्यावर

क्लिप सुटली की वाकलेला रॉड एकदम सरळ होतो आणि पुन्हा वाकतो. रॉड होल्डरमधून काढा आणि वजन जाणवेपर्यंत भराभर गुंडाळा. जोरात हिसका देऊ नका. एवढी मोनो ताणली जाते, हिसका खाली पोचत नाही आणि वर दोरी ढिली पडते.

बोट थांबवू नका, फक्त वेग कमी करा. थांबलात तर बाकीचे गोळे सरळ खाली बसतात आणि सगळ्या दोऱ्या एकत्र येतात. मासा मोठा वाटला तर त्याच बाजूचा डाउनरिगर वर घ्या.

लेक ट्राउट सामनसारखा पळत नाही. तो जड ओझ्यासारखा येतो, डोकं झटकतो आणि वर आल्यावर अंगाभोवती गोल फिरून लीडर गुंडाळून घेतो. दोरी सतत ताणलेली ठेवली तर गुंडाळलेल्या अवस्थेतही तो सुटत नाही. वर येताना पाण्यात बुडबुडे दिसतील. घाबरू नका : त्याच्या हवेच्या पिशवीला अन्ननलिकेशी जोडणारी नळी असते आणि फुगलेली हवा तो तोंडावाटे सोडतो. सुई टोचून हवा काढण्याचा उद्योग या माशावर करू नका.

हातजाळं लांब दांड्याचं आणि रबराचं आवरण असलेलं हवं. ते आधीच पाण्यात धरा आणि मासा डोक्याकडून आत घ्या. शेपटीकडून जाळं घालू नका. तो पुढे झेपावतो आणि सुटतो.

## ८. सोडायचा की ठेवायचा

हा निर्णय मासा जाळ्यात येण्याआधी व्हायला हवा. पाच अंशांच्या पाण्यातून बावीस अंशांच्या पृष्ठभागावर आलेल्या माशाकडे फार वेळ नसतो, आणि बोटीवर 'ठेवूया का, सोडूया का' ही चर्चा चालू असताना तो संपतो.

मोठे मासे सोडा. हा मासा संथ वाढतो, अंडी द्यायला त्याला कित्येक वर्षं लागतात, आणि खाण्यालाही मोठा मासा वाईट; कारण पुढच्या टप्प्यात आहे.

सोडायचा असेल तर :

- हात ओले करा. कल्ल्यात बोटं घालू नका, उभा लटकवू नका. एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली.
- गळ पक्कडनं काढा. खोल गिळला असेल तर लीडर कापा.
- फोटो एकच. मासा पाण्याबाहेर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको.
- पृष्ठभागाच्या गरम पाण्यात धरून त्याला 'हुशारी येऊ देण्याचा' प्रयत्न इथे उलटा पडतो. डोकं खाली करून जोरात पाण्यात सोडा, म्हणजे तो थंड थर गाठतो.
- पोट वर करून तरंगत असेल तर जबड्याला लावायचं वजन असलेलं, दोरीवरचं सोडण्याचं साधन वापरा आणि त्याला थंड थरापर्यंत खाली नेऊन सोडा.

> सावधान : पृष्ठभाग २० अंशांच्या वर असेल आणि तुमची मर्यादा भरली असेल, तर 'आता नुसते धरून सोडू' हे करू नका. त्या दिवशी सोडलेल्यांपैकी काही मरणारच. रॉड गुंडाळा, किंवा दुसऱ्या माशाच्या मागे लागा.

ठेवायचा असेल तर लगेच डोक्यावर फटका देऊन मारा, कल्ल्याखालची शीर कापून रक्त वाहू द्या आणि बर्फ व पाण्याच्या मिश्रणात ठेवा. या माशात चरबी भरपूर. उन्हात तासभर बादलीत राहिला तर वास धरतो. बोटीवर तुकडे करू नका. बऱ्याच ठिकाणी मासा किनाऱ्यावर येईपर्यंत त्याची जात ओळखता येणं आणि लांबी मोजता येणं सक्तीचं आहे.

## ९. कापणं आणि शिजवणं

ग्रेट लेक्समधल्या लेक ट्राउटच्या चरबीत पीसीबीसारखी औद्योगिक रसायनं साठतात. मासा जितका मोठा आणि म्हातारा, तितकी जास्त. ओंटारिओ सरकार खाण्याच्या माशांची मार्गदर्शिका प्रसिद्ध करतं. त्यात सरोवर, जात आणि लांबी पाहून महिन्याला किती वेळा खावा ते दिलेलं असतं. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलं यांच्यासाठीचा रकाना वेगळा आणि कडक आहे. अमेरिकेतली काठची राज्यंही असे सल्ले देतात. मासा ठेवण्याआधी त्या लांबीची ओळ वाचा, घरी आल्यावर नव्हे.

कापताना कातडी काढून टाका. पाठीवरची चरबी, पोटाकडची पातळ चरबट पट्टी आणि अंगाच्या मधोमध जाणारी तपकिरी रेघ, हे तिन्ही कापून फेका. पाऱ्याला मात्र हा उपाय नाही; तो मांसातच असतो, सुरीनं निघत नाही. म्हणूनच लहान मासा ठेवायचा.

आता आपल्याकडची अडचण. सवयीनं डोकं, पोटाचा तुकडा आणि कातडीसकट तुकड्या कालवणात जातात, आणि वितळलेली सगळी चरबी रश्शातच राहते. या माशाचं कालवण करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. जाळीवर भाजा किंवा ओव्हनमध्ये जाळीच्या ताटलीवर ठेवा, म्हणजे चरबी खाली ठिबकून जाते. ती टाकून द्या. आलं, लसूण, हळद, तिखट आणि आमसुलाचा कोळ लावून पाऊण तास मुरवलं तर चरबट चव चांगली कापली जाते. रवा लावून तळायचंच असेल तर तेल दुसऱ्यांदा वापरू नका.

## १०. बोट परत नेण्याआधी

बोट पाण्याबाहेर आली की तिथल्या तिथे सगळे बूच काढून पाणी सोडा, ट्रेलरवरचं शेवाळ आणि शिंपले काढा. ओंटारिओत हे कायद्यानं सक्तीचं आहे. दोऱ्या, तार आणि हातजाळं कोरड्या फडक्यानं पुसून उन्हात पूर्ण वाळवा. वॉटर फ्लीची अंडी ओलसर दोरीवरून दुसऱ्या तळ्यात जातात. शेवटी मुख्य दोरीचे पहिले दहा-पंधरा फूट बोटांत धरून पाहा, आणि क्लिपनं चिमटलेली खरखरीत जागा लागली तर तेवढा तुकडा कापून स्विव्हलची गाठ नव्यानं मारून ठेवा.